लाइन लागलेली असायची तेव्हा

माझ्याकडे ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बायका माप झालं, गळा झाला, बाही झाली की शेवटी एक प्रश्न हमखास विचारायच्या. "तुह्या नवऱ्याची लाइन कधी लागते वं?"

नवी बाई असली तर चमकून बघायची. जुन्या बायकांना काही सांगावं लागत नसे. नवरा बंदराच्या लाइनीत लागला की मी हुक लावायला बसणार आणि तो लाइनीतून सुटला की उरलेले हुक तसेच राहणार, हे जऊळक्यात आमच्या गल्लीला पाठ होतं. एखादीच्या भाचीचं लग्न तोंडावर यायचं आणि पोलकं बिनाहुकाचं खुंटीला लटकत असायचं. मग ती दारात उभी राहून हात जोडायची, "बंदरात गर्दी होऊ दे रे देवा!" गर्दी व्हावी म्हणून देवाला साकडं घालणारं दुसरं गाव मला तरी माहीत नाही.

नवरा ट्रेलर चालवतो. कारंज्याकडच्या जिनिंगमधून कापसाच्या गाठी नाहीतर सोयाबीनची ढेप कंटेनरात भरायची आणि मुंबईपलीकडच्या बंदरावर नेऊन सोडायची, हे त्याचं काम. गाडी त्याची नाही, अकोल्याच्या मालकाची. बंदराच्या गेटावर सगळ्या मुलखातल्या गाड्या एकाच सुमाराला जाऊन धडकायच्या, कारण प्रत्येकाच्या मालकाला वाटायचं की आपली गाडी दिवसाउजेडी आत शिरून मोकळी व्हावी. मग गेटापासून मागे नजर पोचेल तिथवर लाइन लागायची. कधी दिवसभर, कधी दुसरा दिवस उजाडेपर्यंत. एक गाडी आत गेली की मागची प्रत्येक गाडी एका गाडीइतकी पुढे सरकणार, पुन्हा इंजिन बंद. ड्रायव्हरला झोपता येत नाही, गाडी सोडून जाता येत नाही. करण्यासारखं काहीच नाही, म्हणून तो मला फोन करायचा.

आमच्या लग्नाआधी आम्ही एकमेकांना दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा मोठ्यांच्या घोळक्यात. लग्नानंतर तो महिन्यातून चार-पाच दिवस घरी असायचा. त्यातला एक झोपेत जायचा, बाकीचे शेतात. जेवायला बसला की ताटाकडे बघून जेवायचा. मी विचारायची, "भाजी कशी झाली?" तो म्हणायचा, "बरी." मी धनजची. आमच्या माहेरी एकाचं वाक्य दुसऱ्यानं तोडल्याशिवाय पुरं होत नाही. असा मुखस्तंभ नवरा पदरात पडला म्हणून मी पहिल्या दिवाळसणाला आईजवळ बसून रडले होते. हे मी त्याला नंतर सांगितलं, लाइनीत असतानाच, आणि तो इतका हसला की मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न मारला.

पहिल्यांदा लाइनीतून फोन आला तेव्हा मला वाटलं, कुठे अपघात तर नाही झाला. दुपारची वेळ होती आणि मी मशीनवर होते.

"काय झालं जी?" मी विचारलं.

"काई नाई. लाइनीत उभा हाओ. गाडी हालून नाई राह्यली."

"मंग?"

"मंग काई नाई. तू काय करून राह्यली?"

मशीनच्या आवाजात त्याचं बोलणं नीट ऐकू येईना, म्हणून मी पाय थांबवला. हात मोकळे बसू देणं मला जमत नाही. समोर एक तयार पोलकं पडलं होतं, ते उचललं आणि हुक लावायला घेतले. फोन मशीनच्या पाटीवर, स्पीकर लावून. तो विचारत होता, बाही कशी जोडतात. मी सांगत होते. खरं तर त्याला बाहीचं काय घेणं! पण तो विचारत राहिला आणि मी सांगत राहिले. मध्येच आमच्या जऊळक्याच्या स्टेशनात रेल्वे शिरली, तिची शिट्टी त्याला फोनवर ऐकू गेली.

"रेल्वे आली वाटते," तो म्हणाला.

"हो. तुमी बसले काय कधी तिच्यात?"

"नाई. तू?"

"नाई."

"तुले आवडते काय रेल्वे?"

मला काय आवडतं असं मला तोवर कुणीच विचारलेलं नव्हतं. सुई हातात धरून मी विचार करत बसले. तेवढ्यात तो म्हणाला, "थांब, सरकली." इंजिन सुरू झाल्याचा घरघराट आला, मग शांतता, मग पुन्हा त्याचा आवाज, "हां, सांग आता." मी सुई त्या वेळापुरती कापडात खोवून ठेवली होती. पुढे सगळी वर्षं तसंच चाललं. तो "सरकली" म्हणाला की सुई कापडात, "सांग आता" म्हणाला की पुन्हा हातात. त्या दिवशी मी त्याला सांगितलं की मला रेल्वेचा आवाज आवडतो, आत बसून काय वाटतं ते माहीत नाही.

हळूहळू मला ती लाइन पाठ झाली. न बघता. तो सांगायचा, "आता वळणापाशी हाओ." वळणानंतर पाण्याची टाकी. टाकीनंतर बंद पडलेला वजनकाटा. मग उंबराचं झाड, त्याच्या सावलीत गाडी लागली तर नशीब थोर. मग चहाच्या टपऱ्या आणि मग गेट. गेटावर कागद दाखवायचे, आत गेल्यावर फोन बंद. त्यामुळे उंबराच्या झाडापाशी तो आला की तो खूश व्हायचा आणि इकडे माझा जीव खालीवर व्हायचा. तोंडानं मी म्हणायची, "चला, सुटले बाप्पा तुमी एकदाचे." मनात म्हणायची, आता गेटावरच्या साहेबानं एखाद्या कागदासाठी गाडी अडवून ठेवावी.

तो लाइनीतच स्वयंपाक शिकला. रस्त्याच्या कडेला तीन दगड मांडून स्टोव्ह आडोशाला ठेवायचा. एकदा हट्टच धरला की पातोडीचा रस्सा करायचा. मी म्हटलं, "अजी, तो काय रस्त्यावर कराचा पदार्थ हाये काय? झुणका करा." ऐकेचना. मग मी इकडून सांगतेय, बेसन कसं घोटायचं, ताटलीला तेल कसं लावायचं, थापून वड्या कशा पाडायच्या, आणि तिकडे पुढच्या-मागच्या गाड्यांचे ड्रायव्हर गोळा झालेले. त्यातला एक कुठला तरी उत्तरेकडचा ओरडून विचारतोय, "भाभी, नमक कितना?" ऐन फोडणीत लाइन सरकली. पातेलं मांडीवर घेऊन त्यानं गाडी पुढे नेली असं त्यानंच सांगितलं. रस्सा तिखटजाळ झाला होता म्हणे, पण कुणी सोडला नाही. माझ्या सासूबाई शेजारी शेंगा फोडत हे सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "घरी पाण्याचा गिलास उचलून नाई घेत, अन् तथी पातोड्या करून राह्यला."

मला दिवस गेल्याचं मी त्याला लाइनीतच सांगितलं. तो घरी आल्यावर सांगावं असं सासूबाईंचं मत होतं. पण घरी तो पुन्हा मुखस्तंभ, तिथे सांगून काय मिळणार? मी वाट पाहिली आणि तो टाकीपाशी उभा असताना सांगितलं. तो काही बोलेना. मला वाटलं फोन कटला. मग एक हॉर्न ऐकू आला, लांबलचक. मग दुसरा, मग कितीतरी, वेगवेगळ्या आवाजांचे, एकात एक मिसळलेले. त्यानं खाली उतरून पुढच्या-मागच्यांना सांगितलं होतं आणि बातमी लाइनीतून पुढे सरकत गेली होती. लाइन जागची हलत नव्हती, बातमी मात्र गेटापर्यंत पोचली असणार. मी फोन कानाला लावून बसले होते आणि मला हसू की रडू ते कळत नव्हतं.

ती लाइन चांगली होती असं मी म्हणत नाही. माणसांचे हाल व्हायचे. आडोसा नाही, संडास नाही, म्हणून तो पाणीच कमी प्यायचा आणि त्यातून त्याला मुतखडा झाला. वाशिमला दवाखान्यात त्याला कळवळताना पाहिलं तेव्हा मी त्या बंदराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. तिथल्या रस्त्याकडेच्या वस्तीतल्या लोकांना तर रोजचा धूर, रोजचे हॉर्न. पोरांना शाळेत जायला गाड्यांच्या मधून वाट काढावी लागायची, असं तोच सांगायचा. हे सगळं मला कळत होतं. तरी सकाळी डोळा उघडला की मी हिशेब करायची, काल माल भरला म्हणजे आज घाट उतरेल, उद्या लाइन. आणि उद्याच्या हुकांची पोलकी आजच वेगळी काढून ठेवायची.

मग भाव लागला.

म्हणजे असं की दिवसा, गर्दीच्या वेळी गेटातून आत जायचं तर जादा पैसे. रात्रीच्या निवांत वेळी गेलं तर कमी. वर आधी मोबाईलवर वेळ धरायची आणि त्या वेळेलाच जायचं. त्यानं हे सांगितलं तेव्हा मी चेष्टाच केली. म्हटलं, "पंगतीत पहिल्यांदा बसणाऱ्याकडून पैसे घेतल्यासारखं झालं हे." तो म्हणाला, "घेतले तं पंगतीत ढकलाढकली बंद होईन ना वं." आणि तसंच झालं. जादा पैसे द्यायचे म्हटल्यावर सगळ्या मालकांना एकदम रात्र आवडायला लागली. ज्यांना घाईच होती तेवढे दिवसा जाऊ लागले, बाकीचे रात्रीत विखुरले. थोड्याच दिवसांत लाइन वितळली. तो वेळेवर पोचायचा, सरळ आत, माल सोडून बाहेर.

मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. मी गल्लीत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. माझा सरळ हिशेब होता की लाइनीत जाणारे दिवस वाचले, म्हणजे ते घरी येणार. आमच्याकडे विहिरीचं पाणी उपसायचं वाचलं तर ते विहिरीतच राहतं. मला वाटलं वेळही तसाच असेल. नवरा आता महिन्यातले आठ-दहा दिवस घरी, लेकीला शाळेत सोडायला जाईल, आणि घरी बोलायची सवयही होईल त्याला हळूहळू.

मालकानं एक खेप वाढवली. गाडी मोकळी उभी दिसली की त्याच्या पोटात दुखतं. वाचलेला वेळ गाडीचा होता आणि गाडी त्याची होती, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. नवरा आधी चार-पाच दिवस यायचा, तो आता दोन-तीन दिवस येऊ लागला.

आणि बोलणं बंद झालं. भांडण नाही, तंटा नाही, बोलायला जागाच उरली नाही. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही ही माझीच शपथ त्याला, ती मी मोडू देणार नव्हते. रात्री गेट आणि रस्ता. दिवसा तो कुठल्या तरी पार्किंगमध्ये झोपलेला. माझा दिवस म्हणजे त्याची रात्र. मी दुपारी फोन करून पाहिला. तो घोगऱ्या आवाजात म्हणायचा, "बोल." बोल म्हटल्यावर काय बोलणार? "जेवले काय?" "हो." "बरं झोपा मंग." "हो." माझ्या दिवाळसणातला नवरा मला परत मिळाला होता.

खुंटीवर पोलकी साठायला लागली. हुक लावायला मी बसायची, पण पाटीवरचा फोन गप्प. चार हुक लावले की हात गळायचे, आणि मी उठून मशीनवर बसायची, मशीनचा आवाज तरी होता. एका बाईनं चिडून पोलकं तसंच नेलं आणि जवळच्या मालेगावच्या दुकानातून हुक लावून आणले. तिला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. सासूबाई म्हणाल्या, "काहून चिडते येवढी? पोट्टा बरा हाये, वेळेवर जाते, वेळेवर येते, मुतखडा नाई, काई नाई. तुले पायजे तं काय?"

मला काय हवं होतं ते मला चांगलं माहीत होतं. मला तो लाइनीतला माणूस हवा होता. बाही कशी जोडतात विचारणारा, पातोडीसाठी हट्ट धरणारा. घरी येणाऱ्या माणसाला तोच चेहरा होता, पण त्याची-माझी ओळख तशी बेताचीच. आणि मला भीती वाटत होती की असंच चाललं तर लेक मोठी होऊन सासरी जाईल, हा कधीतरी गाडी सोडून घरी येईल आणि आम्ही दोघं ओसरीवर बसून एकमेकांना "बरी" आणि "हो" म्हणत म्हातारे होऊ.

एकदा तो घरी आला असताना मी बोलून टाकलं. तो अंगणात बूट झटकत होता.

"अजी, एकखेप दिवसाच्या भावात जा ना."

"काहून?"

"असंच. दिवसा लाइन लागंन. वरचे पैसे मी देतो, पोलक्यायचे हायेत माह्यापाशी."

आमच्याकडे बायाही "देतो", "जातो" म्हणतात, त्याला त्यात काही वाटलं नाही. पण त्याचा हात थांबला. तो माझ्याकडे बघत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "दिवसा बी नसते आता लाइन. पैसे देल्ले तरी नाई लागत."

इतकं रिकामं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. पैसे देऊन लाइन चुकवणारे खूप पाहिले. पैसे देऊन लाइन लावून मिळेल असं ठिकाण कुठे असतं?

त्यानंतर मीच ठरवलं की त्याच्याबरोबर एक खेप जायचं. लाइन नाही तर नाही, जिथे ती लागायची ती जागा तरी बघायची. आणि ट्रेलरच्या केबिनमध्ये इतका वेळ शेजारी बसल्यावर माणूस बोलेल नाही तर जाईल कुठे! सासूबाईंनी लेकीला ठेवून घेतलं. "समुद्र पाहाले चालली काय?" त्या म्हणाल्या. "पाणीच तं हाये. पाहून ये." मी पिशवीत दशम्या, ठेचा आणि बिनाहुकाची पोलकी भरली. शेवटची ती कशाला घेतली, मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

शेलू बाजारच्या पुढे गाडी समृद्धी महामार्गावर चढली आणि मी खिडकीशी सरसावून बसले. तो बोलला नाही. इंजिनचा आवाज होता हे खरं, पण त्याच्याहून मोठ्यानं बोलता आलं असतं. मी विचारलं, "झोप येत नाई काय?" तो म्हणाला, "नाई." मी विचारलं, "दशमी देऊ?" तो म्हणाला, "दे." संभाजीनगर मागे पडलं, घाट उतरला, आणि आमचं बोलणं एका दशमीच्या पुढे गेलं नाही. मी खिडकीबाहेर तोंड करून बसले. मला माझाच राग येत होता. एवढ्या लांब येऊन मी मालकाच्या गाडीत एक जादा गाठ होऊन बसले होते.

गेटाच्या अलीकडे त्यानं मला टपरीवर उतरवलं, कारण आत पासवाल्यालाच जाता येतं. पहाटेची त्याची वेळ होती. तो गेला आणि मी बाकावर बसून उजाडायची वाट पाहिली. उजाडल्यावर समोर भिंत दिसली, भिंतीमागे उंच क्रेन, रंगीत कंटेनरांचे ढीग. समुद्र काही दिसला नाही. सासूबाईंना काय सांगायचं हा प्रश्नच होता. रस्ता मात्र रुंद, स्वच्छ आणि मोकळा. दोन पोरी दप्तर घेऊन रमतगमत मधून चालत गेल्या. त्यांच्याकडे बघून मला बरं वाटलं आणि तरी माझी नजर लाइनच शोधत राहिली.

चहा संपला नाही तर तो बाहेरही आला. गाडी पार्किंगमध्ये लावली. दुपारपर्यंत दुसरा माल भरायचा नव्हता, ती त्याची झोपेची वेळ होती. मी म्हटलं, "झोपा तुमी." तो म्हणाला, "चाल, दाखवतो."

आम्ही रस्त्याच्या कडेनं उलट चालत निघालो. तो बोटानं दाखवत होता. हे उंबराचं झाड. मी मनात रंगवलं होतं त्याच्यापेक्षा ते पुष्कळच लहान निघालं. हा वजनकाटा. "तुही माय बिमार होती ना, तवा मी इथी होतो." मग पुढे, "पोट्टीनं पयल्यांदा 'बाबा' म्हणलं फोनवर, ते इथी." टाकीपाशी तो नुसताच थांबला. मला कळलं. मी टाकीकडे बघितलं आणि मला ते सगळे हॉर्न एकदम ऐकू आले. टाकीच्या बाजूला गवतात तीन काळे दगड अजून पडलेले होते. माझा संसार जऊळक्यात झाला असं मी समजत होते. अर्धा तर इथे, या कडेच्या गवतात झाला होता.

वळणापर्यंत जाऊन आम्ही परत फिरलो आणि गाडीपाशी येऊन उभे राहिलो. दाखवायचं संपलं होतं. तो माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे. मग तो एकाएकी म्हणाला, "तू गाडीत जाऊन बस."

मला वाटलं, कंटाळला. एवढं चालवून आणलं, झोप मोडली, आता बस म्हणतो गपचूप. मी केबिनमध्ये चढले आणि दार जरा जोरातच ओढलं. काचेतून बघते तर तो पुन्हा रस्त्यानं टाकीच्या दिशेनं चाललेला. दगडांपाशी जाऊन खाली बसला, माझ्याकडे पाठ करून. आणि माझा फोन वाजला.

"काय करून राह्यली?" तो म्हणाला.

"बसली हाओ," मी म्हटलं.

"कुठी?"

"गाडीत. तुमी कुठी हा?"

"टाकीपाशी."

मी फोन स्पीकरवर करून डॅशबोर्डवर ठेवला. पिशवीतून एक पोलकं काढलं. सुईत दोरा ओवायला फार वेळ लागला, कारण डोळ्यांना नीट दिसत नव्हतं.

"तू समोर असली का मले बोलता नाई येत वं," तो म्हणाला. त्याची पाठ तशीच होती. "पयल्यापासूनच नाई येत. लाइनीत काई वाटे नाई. आता दिवसा तुले वाटते मी झोपतो. मी कायचा झोपतो? फोन हातात धरून पडून राह्यतो. करावं वाटते. पण लाइन नाई तं काय म्हणून करू, हे समजत नाई."

"अजी, काई म्हणून करू नका," मी म्हटलं. "असाच करा ना. मी इकडं वाट पाहून पाहून मरून राह्यली, अन् तुमी कारण शोधून राह्यले."

"मले सुचलंच नाई."

"कसं सुचंन! तुमी माणूस हा का ट्रेलर?"

तो हसला. फोनमध्ये हसला आणि लांबवर त्याची पाठ हलली, दोन्ही मला एकाच वेळी दिसलं-ऐकू आलं. मग तो बोलायला लागला. घाटात पाहिलेल्या एका कोल्ह्याबद्दल, लेकीला घ्यायच्या सायकलीबद्दल, एकदा तिघांनी जऊळक्याच्या स्टेशनातून रेल्वेत बसून कुठेही जायचं त्याबद्दल. कुठे ते ठरत नव्हतं. मध्ये मध्ये टुक टुक असा आवाज येत होता, मालकाचा फोन येत असणार. तो म्हणाला, "वाजू दे." मी हुकांमागून हुक लावत गेले. कितीतरी महिन्यांनी माझा हात असा चालत होता. शेवटच्या हुकाला गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि पोलकं घडी करून बाजूला ठेवलं. बाहेर ऊन चढलं होतं. त्याची झोपेची वेळ निघून चालली होती, हे माझ्या लक्षात होतं.

"अजी," मी विचारलं, "लाइन सरकली काय?"

त्यानं मान वळवून रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, वळणापासून गेटापर्यंत.

"नाई," तो म्हणाला. "आज लय लांब लागली हाये. तू दुसरं पोलकं काढ."